पुरणपोळीच्या चवीचा मसाला चहा: घरी मिश्रण कसं बनवायचं आणि कसं चाखायचं

चहा मसाल्याची डबी तर सगळ्यांच्याच घरी असते, पण एखाद्या गोड पदार्थाची चव चहात उतरवायची म्हटलं की बहुतेक जण साखर वाढवतात नाहीतर इसेन्सची बाटली शोधतात, आणि मग चहा नुसता गोडमिट्ट होतो, पदार्थ काही आठवत नाही. मी कोपरखैरण्यात राहते, गेली काही वर्षं घरीच अशी मिश्रणं करते, ओळखीतल्या लोकांना देते, आणि नवीन करणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी एक प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी घरात पुरण शिजेल तेव्हा नाक चिमटीत घट्ट धरून पुरणाचा एक छोटा गोळा तोंडात टाका. नुसतं गोड आणि मऊ लागेल, दुसरं काही कळणार नाही. आता चावता चावता नाक सोडा, की जायफळ, वेलची, डाळ सगळं एकदम येतं. म्हणजे पुरणपोळी आपण ओळखतो ती मुख्यतः वासाने, गोडी फक्त मागे उभी असते. चहाचं मिश्रण करताना हेच धरून चालायचं, वास आधी बसवायचे आणि गूळ शेवटी, तोही कपात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

काय काय लागेल

- ममरी चहा (आसाम सीटीसी, दाणेदार)
- चण्याची डाळ, कच्ची
- हिरवी वेलची, सालासकट
- सुंठ, अख्खी
- जायफळ, अख्खं
- बडीशेप, थोडीशी
- गूळ, केशर, साजूक तूप (हे तिन्ही मिश्रणात जाणार नाहीत, कपात जातील)
- ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, सोनाराकडे असतो तसा खिशात मावणारा, ऑनलाइन मिळतो
- जाड बुडाची कढई, खलबत्ता, बारीक किसणी, रव्याची चाळण
- पांढरे आतून कोरे असलेले सारखे कप, निदान तीन
- वही, पेन, स्टिकर

वजनकाट्याशिवाय सुरू करू नका. चमच्याने मोजलं तर जायफळाचा अंदाज प्रत्येक वेळी चुकतो आणि एकदा छान झालेला चहा परत कधीच तसा होत नाही.

१. सामान कुठून घ्यायचं

नवी मुंबईत असाल तर वाशीच्या एपीएमसीचं मसाला मार्केट आहेच, तुर्भे किंवा सानपाडा स्टेशनवर उतरून रिक्षा करा. पण तो होलसेलचा बाजार आहे, पाव किलो वेलची द्यायला सगळे गाळेवाले तयार होत नाहीत, त्यामुळे दोघी-तिघींनी मिळून जावं आणि वाटून घ्यावं. निघायच्या आधी मार्केट चालू आहे ना ते विचारा, माथाडींचा बंद असला की फेरी फुकट जाते. ठाण्यात असाल तर एवढं लांब जायची गरज नाही, स्टेशनजवळ जांभळी नाक्याला किराणा-मसाल्याची जुनी दुकानं आहेत, तिथे ५०-१०० ग्रॅमही मिळतं आणि दुकानदार हातात घेऊन बघू देतात.

वेलची घेताना मिलिमीटरवर भाव ठरतो, ८ मिमीची टपोरी सगळ्यात महाग. आपल्याला ती लागत नाही कारण आपण कुटणार आहोत, बारीक वेलची चालेल, फक्त साल हिरवं आणि बंद असायला हवं. एक फोडून बघा, आतले दाणे काळे आणि थोडे चिकट असले तर ताजी आहे, तपकिरी कोरडे निघाले तर सोडून द्या. सुटे वेलचीदाणे स्वस्त मिळतात पण साल नसलं की तेल उडून जातं, त्यामुळे मी ते कधीच घेत नाही.

जायफळ हातात जड लागलं पाहिजे, हलकं लागलं तर किडीने आतून पोखरलेलं असू शकतं. चहा मात्र साधा घ्या, आधीच वेलची-आल्याची चव लावलेला नको. डस्ट, म्हणजे अगदी बारीक पुडीचा चहा पण नको, तो एवढा लवकर आणि एवढा कडक उतरतो की डाळीचा नाजूक वास त्याच्याखाली दबून जातो.

२. डाळ भाजणं

ह्या पायरीला घाई करू नका, कारण पुरणपोळीचं पुरणपोळीपण इथूनच येतं. चहात डाळ ऐकून लोक दचकतात, पण जपानमध्ये हिरव्या चहात भाजलेला तांदूळ घालून गेनमाइचा नावाचा चहा पितात आणि तो तिथे अगदी रोजचा आहे. भाजलेलं धान्य आणि चहा यांचं चांगलं जमतं, दोघांनाही तो खरपूस वास असतो.

कच्ची चणाडाळ कोरड्या फडक्याने पुसून घ्या, धुवू नका. जाड कढईत मंद आचेवर टाका आणि सतत हलवत राहा. पहिली काही मिनिटं कच्चा, थोडा हिरवट वास येईल. मग तो जातो आणि बेसनाच्या लाडवासारखा वास सुरू होतो, इथे बहुतेक जण गॅस बंद करतात. थांबा. अजून थोडं भाजायचं, डाळीच्या कडा तांबूस होऊन दाणा मधून बदामी दिसेपर्यंत, एखादा दाणा तडतडतो, आणि वासात थोडी कडसर खरपूस झाक येते. एक दाणा काढून थंड करून दाताखाली धरा, कडकन तुटला पाहिजे, आत कुठेही चिवट नको. पातळ थर असेल तर साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा नाकावर विश्वास ठेवा. काळे डाग दिसायला लागले तर ती डाळ चहासाठी गेली, जळका वास दुधातही लपत नाही.

डाळ लगेच ताटात पसरा, कढईत ठेवली तर गरम लोखंडावर भाजणं चालूच राहतं. पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात भरड कुटा, एका डाळीचे चार-पाच तुकडे होतील एवढीच. आणि मग रव्याच्या चाळणीने चाळून खालचं पीठ काढून टाका. हे चाळणं विसरू नका हं, पीठ राहिलं तर उकळताना त्यातलं स्टार्च सुटतं आणि चहा पिठल्यासारखा दाटसर होतो, वर साय धरल्यासारखं दिसतं. मिक्सर वापरू नका त्याच कारणासाठी.

पंढरपुरी डाळं वापरलं तर चालेल का, हे बरेच जण विचारतात. चालतं, पण ते आधीच फुलवलेलं असल्यामुळे चव फिकी येते, तेही कढईत परत परतून रंग आणावा लागतो, मग कच्ची डाळच बरी.

३. मसाले तयार करणं

वेलची सालासकट मंद कढईत अगदी मिनिटभर फिरवा, फक्त दमटपणा जाण्यापुरती. जास्त गरम केली तर तुमच्या स्वयंपाकघरात सुंदर वास पसरेल आणि तोच वास चहातून गायब झालेला असेल. सालासकट कुटा, साल टाकू नका, चहात उकळायचं असल्यामुळे सालाचाही उपयोग होतो.

सुंठ फोडून बारीक तुकडे करा, फार पूड नको. ताजं आलं या चहात नको, दोन कारणं आहेत, एक म्हणजे पुरणात सुंठ असते आणि तिचा कोरडा उबदार तिखटपणा वेगळा असतो, दुसरं म्हणजे ताज्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, आधी पाण्यात नीट उकळलं नाही तर दूध नासायची भीती.

जायफळ किसणीवर किसा, तेही मिश्रण करायच्या अगदी वेळेवर. एक जायफळ साधारण ५ ग्रॅमचं असतं, आपल्याला १०० ग्रॅम मिश्रणाला फक्त १.५ ग्रॅम लागतं. "घरी सगळ्यांना आवडतं" म्हणून ते दुप्पट करू नका. जास्त झालं तर आधी कडू लागतं, जीभ थोडी बधिर होते, आणि जायफळ एका वेळी काही ग्रॅम पोटात गेलं तर खरोखर विषबाधा होते. कपात आपलं प्रमाण ०.०६ ग्रॅम येतं, ते अगदी सुरक्षित आहे.

बडीशेप सगळ्यांच्या पुरणात नसते. माझ्या सासूबाई घालायच्या म्हणून मी घालते, आणि चहात तिचा एक फायदा असा की ती जिभेवर थोडी गोडी सोडते, त्यामुळे गूळ कमी पुरतो. तुमच्याकडे नसेल घालत तर काढून टाका आणि तेवढी वेलची वाढवू नका, डाळ वाढवा.

४. आधी २० ग्रॅमची ट्रायल

एकदम पाव किलो करायला जाऊ नका. २० ग्रॅममध्ये ५ कप होतात, चाखायला तेवढे पुष्कळ झाले.

- ममरी चहा १२ ग्रॅम
- भाजलेली भरड डाळ ५ ग्रॅम
- वेलची १.२ ग्रॅम
- सुंठ १ ग्रॅम
- बडीशेप ०.५ ग्रॅम
- जायफळ ०.३ ग्रॅम

स्वच्छ कोरड्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावून हलवा आणि दोन दिवस तसंच मुरू द्या. सुका चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो, मोगऱ्याचा चहा याच गुणावर करतात, फुलांच्या सहवासात ठेवून. दोन दिवसांनी डबा उघडलात की सगळं मिळून एकच वास येईल, पहिल्या दिवशी मात्र वेलची वेगळी, जायफळ वेगळं असं येत असतं. पहिल्याच दिवशी चाखून "जमलं नाही" म्हणून फेकून देणारे मी पाहिलेत, तसं करू नका.

५. चहा करणं

एका कपाला: पाणी १०० मिली, मिश्रण ४ ग्रॅम, दूध ६० मिली.

पाणी आणि मिश्रण एकत्र गॅसवर ठेवा, उकळी आली की आच कमी करून ३ मिनिटं उकळू द्या, डाळीला आणि सुंठीला एवढा वेळ लागतोच. मग दूध घाला, फुल क्रीम असेल तर उत्तम कारण मसाल्यांची तेलं दुधाच्या स्निग्धतेत चांगली धरतात. एक उकळी वर आली की बंद, परत परत वर आणून उकळवत बसू नका. झाकण ठेवून एक मिनिट, मग गाळा.

गूळ आता, कपात. पातेल्यात उकळत्या दुधात गूळ टाकला की चहा फाटतो, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. गूळ साखरेसारखा तटस्थ नसतो, त्याला थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, उकळत्या दुधाला ते सोसत नाही. किसलेला गूळ कपाच्या तळाला ठेवायचा, वर गाळलेला चहा ओतायचा, ढवळायचा. एका कपाला ८ ग्रॅमपासून सुरू करा. पुरणाला जो पिवळा गूळ वापरतो तो इथे जास्त जुळतो, काळपट गुळाची स्वतःची चव एवढी असते की जायफळ हरवतं. आणि गूळ आधी जिभेला लावून बघा, काही गूळ खारट असतो.

केशर घालायचं तर दोन काड्या चमचाभर कोमट दुधात आधीच भिजवून. आणि मनापासून सांगते, एकदा तरी वरून साजूक तुपाचे दोन थेंब सोडून बघा. चहावर सोनेरी ठिपके तरंगतात, कप ओठाशी नेला की आधी तुपाचा वास येतो आणि मगच चहा, अगदी तव्यावरून उतरलेल्या पोळीचा वास.

पाण्याबद्दल एक. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं, घोडबंदरकडच्या ज्या सोसायट्यांमध्ये टँकर येतो तिथल्या मंडळींना कोऱ्या चहावर चकचकीत तवंग दिसत असेल, तो पाण्यातल्या कॅल्शियममुळे. चवही मंद होते. निदान चाखताना तरी फिल्टरचं पाणी घ्या, आणि प्रत्येक ट्रायलला तेच.

६. चाखणं, म्हणजे नुसतं पिणं नाही

चहाच्या व्यापारात चाखायची एक ठरलेली पद्धत आहे, आयएसओ ३१०३ नावाचं मानक १९८० साली आलं: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, उकळतं पाणी ओतून झाकून ६ मिनिटं, पांढरं चिनीमातीचं भांडं. हेतू एवढाच की प्रत्येक वेळी सगळं सारखं असावं. आपण घरी त्यातलं झेपेल तेवढं घ्यायचं.

पहिली फेरी कोरी. २ ग्रॅम मिश्रण, १०० मिली उकळतं पाणी, बशीने झाका, ६ मिनिटं, गाळा. दूध नाही, गूळ नाही. कडू लागेल, लागू दे. इथे तुम्हाला कळतं की डाळ जळकी आहे का, जायफळ पुढे येतंय का, कारण दुधातलं प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं आणि दोष झाकले जातात.

थोडं निवू द्या, वाफाळता चहा पिऊन जीभ भाजली की चव संपली. चमच्याने थोडा घ्या आणि जोरात फुरका मारा. लहानपणी आपल्याला यावरून ओरडा बसायचा पण चहा चाखणारे लोक असंच करतात, फुरक्याबरोबर हवा जाते, चहाचे बारीक थेंब तोंडभर पसरतात आणि वास मागून नाकात चढतो. मग गिळा आणि तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. आता जो वास आला तो वहीत लिहा, लगेच, शेजारच्याला न विचारता.

काय लिहायचं? आधी काय आलं, मधे काय, गिळल्यावर काय राहिलं. चांगल्या मिश्रणात आधी वेलची येते, मधे चहा आणि भाजलेली डाळ, शेवटी सुंठीची ऊब घशात आणि जायफळ मागे रेंगाळतं. "मस्त", "छान" असले शब्द लिहू नका, आठवड्याने वाचलं तर त्यातून काहीही कळत नाही. "वेलची लगेच गेली", "घशात जास्त तिखट", "डाळ कळतच नाही" असं लिहा.

दुसरी फेरी दूध घालून, गुळाशिवाय. तिसरी गूळ घालून. प्रत्येक फेरीत कप गरम असताना एकदा आणि कोमट झाल्यावर एकदा चाखा, कोमट चहात दोष उघडे पडतात. मधे कोमट पाणी आणि थोडे साधे कुरमुरे खा. फरसाण खाऊन, कांदा खाऊन किंवा दात घासून लगेच चाखू नका, आणि त्या दिवशी अगरबत्ती, परफ्यूम दूर ठेवा.

दोन मिश्रणांत खरंच फरक आहे का हे बघायचं असेल तर तीन कपांची युक्ती करा. दोन कपांत एक मिश्रण, तिसऱ्यात दुसरं, कपाखाली स्टिकरवर नंबर, आणि घरातल्या कोणालातरी विचारा, वेगळा कप कोणता? हे निदान पाच-सहा जणांवर करा कारण नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगू शकतो. बहुतेकांना ओळखता आलं नाही तर तो वाढवलेला अर्धा ग्रॅम वेलचीचा खर्च वाया आहे. आणि "पुरणपोळीसारखा लागतो ना?" असं कधीच विचारू नका, ज्याला विचाराल तो हो म्हणणार. "हे पिऊन काय आठवलं?" एवढंच विचारा. शेजारच्या काकूंनी काही न सांगता "होळीची आठवण आली ग" म्हटलं तर समजा जमलं.

७. काय चुकलं आणि काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

- नुसता मसाला चहा लागतोय: २० ग्रॅमच्या ट्रायलमध्ये सुंठ ०.३ ग्रॅम कमी, डाळ तेवढी वाढवा. तिखटपणा कमी झाला की गोड पदार्थाचा भास लगेच वाढतो.
- कडवट, जीभ जड: जायफळ कमी करा. डाळ जास्त भाजली गेली नाही ना तेही बघा.
- डाळ कळत नाही: प्रमाण वाढवण्याआधी अजून थोडी खरपूस भाजून बघा.
- पाणचट: मिश्रण तेच ठेवा, पाणी कमी करा.
- गूळ घालूनही कडू: कपात मिठाचे दोन-चार कण टाका, मीठ कडूपणा दाबतं. पुरणातही चिमूटभर मीठ घालणारे आहेत ते उगाच नाही.

बासुंदीचा, मोदकाचा चहा करायचा असेल तर पद्धत हीच, पण सुकं खोबरं, पिस्ता, चारोळी मिश्रणात भरून ठेवू नका, त्यातलं तेल काही आठवड्यांत खवट होतं. ते वरून घाला. श्रीखंडाच्या नादी लागू नका, आंबटपणा आणि दुधाचा चहा एकत्र नांदत नाहीत.

८. साठवण

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, त्यामुळे गुळाची पावडर मिश्रणात आधीच मिसळून ठेवायचा मोह टाळा, ती ओल धरते आणि आठवड्यात सगळ्याचा गोळा होतो. स्टीलचा किंवा काचेचा घट्ट झाकणाचा डबा, काचेचा असेल तर उजेडापासून लांब, आणि गॅसच्या वरच्या फळीवर कधीच नाही. चमचा कोरडा. मसाल्याच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात भरू नका, जुना वास चहा ओढून घेईल. किसलेल्या जायफळाचा वास सगळ्यात आधी जातो, म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच करा. डब्यावर तारीख आणि ट्रायल नंबर लिहा.

१०० ग्रॅमची बॅच करताना वरची सगळी वजनं पाचपट: चहा ६०, डाळ २५, वेलची ६, सुंठ ५, बडीशेप २.५, जायफळ १.५.

९. विकायचं मनात असेल तर

बचत गटाच्या स्टॉलवर किंवा सोसायटीत दिवाळीला विकायचं असेल तरी एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं रजिस्ट्रेशन लागतं, घरगुती उद्योगालाही. फॉसकॉस या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज स्वतःला करता येतो, एजंट लागतोच असं नाही. फोटो, ओळखपत्र, जिथे बनवता त्या जागेचा पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवा, जागा भाड्याची असेल तर करारही जवळ असू दे. चहाचं मिश्रण म्हणून विकताय तर टी बोर्डाची नोंदणी लागते का तेही अर्ज करतानाच विचारून घ्या. पाकिटावर घटक जास्त वजनाचा आधी या क्रमाने, निव्वळ वजन, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, हिरवा शाकाहारी ठिपका आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा. भाजलेली चणाडाळ ठळक लिहा, चहात डाळ असेल असं कोणाच्या मनातही येत नाही आणि काहींना चण्याची अ‍ॅलर्जी असते. आणि पाकिटात करायची पद्धत छापलेली एक चिठ्ठी टाका, त्यात "गूळ कपात" हे पहिल्या ओळीत.